मागच्या सीटखालची गुणगुण

९ फेब्रुवारी

ठमे,

पोचले गं बाई, कधीच पोचले. पत्राला उशीर झाला, कारण आल्या आल्या शेजारणी जमल्या आणि त्यांना सगळं सांगता सांगता माझा घसाच बसला. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि मग मी उगाच हो-हो करत बसते, म्हणून कागदावर लिहितेय. कागदावर तू पळून जात नाहीस.

काय ती गाडी, आणि काय तो आवाज! तू म्हणालीस, पुढे बस. मी काय वेडी आहे? नातीने टर्बो मागे बसवायचा आणि आजीने पुढे बसायचं होय? चढ लागला, तू पाय दाबलास. आधी काहीच होईना. मला वाटलं, झालं, तुझ्या बापाचं म्हणणं खरं ठरलं. आणि मग माझ्या बसायच्या जागेखालून अशी सूंऽऽ शिट्टी निघाली की माझं डोकं मागे आपटलं, चष्मा कपाळावर. मी ओरडले ते घाबरून नाही हो, आनंदाने. तुझ्या आजोबांनी आयुष्यात मला इतक्या जोरात कुठे नेलं नाही. ते चालवायचे तेव्हा गाडीलाच झोप लागायची.

टर्बो म्हणजे काय ते आता मला पक्कं कळलंय, शेजारणींना मीच शिकवलं. इंजिनातून धुराची गरम फुंकर निघते, ती वाया घालवायची नाही, तिच्यावर एक भिंगरी फिरवायची. त्या भिंगरीने दुसरी भिंगरी फिरते, आणि ती बाहेरची हवा दाबून इंजिनाच्या घशात घालते. तू लहानपणी तोंड मिटून बसायचीस तेव्हा मी नाक दाबून भरवायचे, अगदी तसंच. बरोबर ना?

तुझा बाबा तुझ्याशी लावलेल्या पैजेला निघायच्या आधी मला ऐकवत होता. म्हणे, "आई, भिंगरी इंजिनाला चिकटूनच हवी. फुंकर तिथे गरम असते, जोरदार असते, पाय दाबला की लगेच जाग येते. हिने ती नेऊन ठेवली पार मागे, सायलेन्सरच्या जागी. तिथपर्यंत जाता जाता फुंकर निवते. स्वयंपाकघरातला चहा वरच्या मजल्यावर पाठवल्यासारखं." मी म्हटलं, "माझ्या नातीचं म्हणणं पण सांग की." तर म्हणाला, "तिचं म्हणणं असं की पुढे त्या छोट्या बॉनेटखाली आधीच गर्दी, त्यात तापलेला टर्बो घातला की रबर वितळतं, वायरी करपतात. मागे मोकळी जागा आहे, वारा लागतो, आणि हवा लांब पाइपातून पुढे येता येता गार होते. गार हवा इंजिनाला मानवते." बघ, तुझं म्हणणं त्याने किती नीट सांगितलं! वाद घालतो, पण ऐकतो हो.

तुझ्या त्या लंबू वेल्डरला माझा आशीर्वाद सांग. मला चढउतर करायला गुडघे त्रास देतात हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे, पण मागच्या दाराशी पाइपाची मूठ जोडून दिली त्याने, कडा घासून गुळगुळीत केलेली. उतरताना मी त्याला म्हटलं, "आता शांत झोपेल बिचारी." म्हणजे गाडी. तो हसला. गाडीला मी नीट झोपवूनच निघाले, तू टॅक्सी बोलवायला गेली होतीस तेव्हा.

आता मुद्द्याचं. पैजेचं काय झालं? तुझा बाबा परत आलाय आणि बोलत नाही. जेवताना भिंतीकडे बघतो. विचारलं तर म्हणतो, "तिलाच विचार." म्हणजे तू जिंकलीस ना? सांग लवकर, शेजारणी थांबल्यात.

तुझी आजी

१५ फेब्रुवारी

आजी,

जिंकले नाही.

वर्कशॉपमागच्या त्या चढावरच पैज होती, जिथे तुला फिरवलं होतं. मालकीणबाई होत्या, सगळे कामगार होते, बाबा होते. दोन्ही गाड्या एकाच वर्षाच्या, एकाच इंजिनाच्या. फरक फक्त टर्बोच्या जागेचा. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, गाडी नीट चढली तर मागच्या टर्बोची सगळी कामं माझ्याकडे. बाबांनी सांगितलं होतं, नाही चढली तर मुकाट्याने घरी यायचं आणि त्यांच्या गॅरेजात काम करायचं.

दुसऱ्या वळणाच्या पुढे गाडीच्या मागून धूर निघाला. पांढरा, निळसर. इतका की मागून येणाऱ्या बाबांना रस्ता दिसेना, त्यांना थांबावं लागलं. मी आरशात बघितलं तर मागे काहीच नव्हतं, नुसता धूर. टर्बोत तेल साचलं, सगळीकडून गळलं, जळलं. टर्बो गेला.

तुला कळावं म्हणून सांगते. भिंगरीच्या दांड्याला सतत तेल लागतं. टर्बो पुढे असला की ते तेल आपलं आपण ओघळून खाली इंजिनात परत जातं. मागे मात्र टर्बो इंजिनापेक्षा खाली असतो, तेल परत चढत नाही. म्हणून एक छोटा पंप बसवावा लागतो. तो पंप त्या दिवशी चालू नव्हता. आदल्या संध्याकाळी वेल्डरने तो तपासला होता, आणि दार लावायला शेवटी तोच थांबला होता. त्याने पंप बंद करून ठेवला आणि विसरला.

मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "मी चालू ठेवून गेलो होतो." मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस." त्यावर त्याने हातमोजे काढून बाकावर ठेवले आणि गेला. तेव्हापासून आलेला नाही. न का येईना.

बाबा फक्त एवढंच म्हणाले, "घरी कधी येतेस?" आजी, प्लीज शेजारणींना काही सांगू नकोस. आणि हे पुन्हा विचारू नकोस.

ठमी

२० फेब्रुवारी

ठमे, माझ्या राणी,

रडलीस का गं? तू रडलीस की नाक लाल होतं आणि दोन दिवस लालच राहतं, मला माहीत आहे. पुस रुमालाने. ही तुझी हार नाही. तू गाडी बनवलीस ती मी माझ्या अंगाने अनुभवली आहे. हाडं खोटं बोलत नाहीत.

आणि तो लंबू! बाई बाई! मी त्याला आशीर्वाद पाठवला, तो परत घे. म्हणजे तू काही बोलली नसशील तर राहू दे, सांगितला असशील तर मनातल्या मनात परत घे. माझ्या नातीची इतक्या दिवसांची मेहनत आणि या माणसाला एक पंप चालू ठेवता येईना? वर तोंड करून म्हणतो, मी चालू ठेवला होता! मला मनातून वाईट वाटतंय, कारण मूठ छान बनवली होती मेल्याने. पण मूठ छान असली म्हणून माणूस जबाबदार असतोच असं नाही. तुझ्या आजोबांचं अक्षर काय सुरेख होतं! पण दळण आणायला पाठवलं की दळण तिथेच विसरून यायचे.

तू शेजारणींना सांगू नको म्हणालीस, पण तुझं पत्र यायच्या आधीच त्या विचारून गेल्या होत्या. मग मी त्यांना खरं तेच सांगितलं, की नातीचं काही चुकलं नाही, वेल्डरने घात केला. आता सगळ्या तुझ्या बाजूने आहेत. समोरची तर म्हणाली, असल्याला कामावरूनच काढायला हवं. तुझ्या बाबालाही सुनावलं, "माझ्या नातीकडे बघून भिंतीसारखं तोंड करू नकोस, चूक दुसऱ्याची आहे." तो "हूं" म्हणाला.

हा निष्काळजीपणा मला मुळीच खपत नाही. आपल्या घरात कसं आहे, बाहेर पडताना सगळीकडे एक फेरी मारायची, काही चालू राहिलंय का बघायचं. पाण्याची मोटर एकदा रात्रभर चालू राहिली, जळली, तेव्हापासूनची सवय. तू लहान होतीस तेव्हा माझ्यामागे फिरायचीस, "बंद, बंद, बंद" म्हणत. आठवतं का? ती सवय मी तुझ्याकडे येऊनही सोडली नाही हो. आता सांगते, तुला माहीतही नसेल! तू टॅक्सी बोलवायला गेलीस, मी गाडीतच बसले होते. तू इंजिन बंद करून गेलीस, पण माझ्या सीटखाली कुठेतरी गूंऽऽ गूंऽऽ चालूच होतं. म्हटलं, ही पोर घाईत काहीतरी चालू ठेवून गेली. उद्या पैज आणि आज बॅटरी उतरून बसायची! मग मी चाचपडत शोधलं. सीटबेल्टच्या खाली, कोपऱ्यात एक बटण होतं, त्याच्याजवळ बारीकसा लाल दिवा. दाबलं. दिवा गेला, गुणगुण थांबली. म्हटलं, झोप आता शांत.

बघ, म्हातारीला समजतं, आणि त्या तरण्याताठ्याला समजत नाही. मला शाबासकी दे बघू एक.

टर्बो नवा घेता येतो. तू मात्र जेव वेळेवर.

तुझीच आजी

६ मार्च

आजी,

उत्तराला उशीर झाला, काम होतं.

शाबास.

मी ठीक आहे. जेवते. सध्या टायर बदलण्याच्या कामावर आहे, हात बिझी राहतात ते बरं. मागच्या टर्बोचं खूळ सोडून दिलंय. बाबांचं बरोबर होतं, तो पुढेच हवा, जिथे तेल आपलं आपण परत जातं आणि कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. महिनाअखेर घरी येईन म्हणते.

ते बटणाचं तू आणखी कोणाला सांगितलंस का? नसेल सांगितलं तर नको सांगूस. म्हणजे, सांगण्यासारखं त्यात काही नाही.

ठमी

११ मार्च

ठमे,

तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळून चुकलेलं होतं. आणि त्या पत्रात तू मला शाबास म्हटलंयस.

मी ते पत्र हातात घेऊन बसले होते. एका ओळीत एकच शब्द. असं कोणी शाबास लिहितं का? तू परीक्षेत पास झालीस तरी मी पानभर लिहायचे. तेव्हाच कळायला हवं होतं, पण कळलं त्याआधीच, आणि कळलं ते माझ्याच तोंडामुळे.

तुला लिहिलं तसंच मी तुझ्या बाबालाही जेवताना सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. बघ, मी कशी गाडीतलं बटण बंद केलं. तो जेवायचा थांबला. म्हणाला, "कुठलं बटण?" मी सांगितलं. "लाल दिवा होता?" मी म्हटलं, "होता." त्याने ताट बाजूला सारलं. मला वाटलं कौतुक करणार.

तो म्हणाला, "आई, आपल्या घरी खाली टाकी आहे आणि गच्चीवर टाकी आहे. मोटर बंद ठेवली तर पाणी वर चढेल का?" मी म्हटलं, "कसं चढेल?" "मग," तो म्हणाला, "तिच्या गाडीत टर्बो म्हणजे खालची टाकी. इंजिन म्हणजे वरची. आणि मधली मोटर तू बंद केलीस. इंजिन थांबल्यावरही ती जरा वेळ चालते, उरलेलं तेल ओढून घ्यायला. थोडी थांबली असतीस तर ती आपली आपण थांबली असती."

मला बाकीची भिंगरी-बिंगरी कळायला वेळ लागला होता. हे एका झटक्यात कळलं. मोटर आणि टाकी म्हणजे माझंच खातं. आयुष्यभर तेच केलं.

ठमे, मला कुठे तोंड लपवावं कळेना. आणि तुझा बाबा काय करतो? मला ओरडेल म्हटलं तर हात पुसत बसला. मग म्हणाला, "मला पण एक सांगायचंय. दुसऱ्या वळणाशी मी तिच्या मागे होतो. सुरुवातीला ती रेंगाळली, मी पुढे गेलो. चढ लागला तसं तिने मला गाठलं आणि मागे टाकलं. धूर निघाला तेव्हा मला फक्त तिची पाठ दिसत होती. मी तिला हे सांगितलं नाही." मी विचारलं, "का नाही सांगितलंस रे?" म्हणे, "लाज वाटली." मी म्हटलं, "हरायची?" म्हणे, "नाही. ती रडत होती आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, त्याची."

अशी आम्ही दोघं त्या टेबलापाशी बसलो होतो.

आता तुझ्यावर रागावते. आजीच्या लाजेची काळजी करायला तुला कोणी सांगितलं? माझं पत्र मिळाल्या मिळाल्या तुला कळलं असणार. मग तू लंबूकडे धावत जायचं सोडून मला शाबास लिहिलंस! मी इथे गल्लीभर त्याला शिव्या घालत होते आणि तू मला ते करू दिलंस. शेजारणींना मी सगळं परत सांगितलं, एकेकीच्या दारात जाऊन. समोरची म्हणाली, "अहो, जाऊ द्या, त्याला कुठे कळणार आहे." मी म्हटलं, "मला कळतंय ना."

त्याच्याकडे जा. माझं नाव सांग. म्हण, माझ्या आजीने बंद केलं. मला काही होत नाही, मी जाड कातडीची आहे. आणि गुडघे जरा बरे झाले की मी स्वतः येतेय.

आजी

२२ मार्च

आजी,

तुझं पत्र वाचून झाल्यावर आधी वाटलं की तू खोटं रागावली आहेस. मग परत वाचलं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं, तुझ्यापासूनच नाही, स्वतःपासूनही लपवलं होतं. तुझं बटणाचं पत्र यायच्या आधीच मला माहीत होतं की तो खरं बोलतोय. विचार कर. त्याने पंप तपासला, त्यानंतर मी तुला फिरवून आणलं. तुझ्या फेरीला धूर निघाला होता का? नव्हता. म्हणजे तेव्हा पंप चालू होता, आणि त्यानंतर त्याला पंपाला हात लावायचं काही कारणच नव्हतं. चढावर, सगळ्यांसमोर, त्याच्याकडे बोट दाखवताना हे माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं. पण बाबा बघत होते. मालकीणबाई बघत होत्या. कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं, आणि माझं सोडून ते कोणाचंही चाललं असतं.

आणि तो दिवा मागे कोणी लावला? मीच. पंपाजवळ वायर कमी लागते म्हणून. चालवणाऱ्याला तो दिसतच नाही. पंप बंद आहे हे मला कळायला धुराची वाट बघावी लागली. ही चूक तुझी नाही, त्याची नाही. ही माझी.

मी गेले त्याच्याकडे. तो आता खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडे काम करतो. मी दारात उभी राहिले, त्याने चेहऱ्यावरचं झाकण वर केलं, परत खाली केलं, जोड पुरा केला. मग म्हणाला, "बोल."

मी म्हटलं, "माझं चुकलं. स्विच तू बंद केला नव्हतास."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "मला सांगायला एवढ्या लांब आलीस?"

मी म्हटलं, "माफ कर."

"ज्यांना माहीत नाही त्यांना सांग," तो म्हणाला, आणि झाकण परत खाली केलं.

मग मी सांगितलं. वर्कशॉपमध्ये, सकाळी सगळे चहाला जमतात तेव्हा. पत्र्याच्या डब्यावर उभी नाही राहिले, पण सगळे आपोआप गप्प झाले. म्हटलं, "त्या दिवशी मी वेल्डरला खोटं ठरवलं. तो खरं बोलत होता, आणि मला ते तेव्हाही कळत होतं." माझे कान इतके गरम झाले की वाटलं आता तेच पेटतील. कोणीतरी विचारलं, "मग बंद कोणी केला?" मी म्हटलं, "दिवा मी मागे लावला, म्हणून मीच." तुझं नाव नाही घेतलं. रागाव हवं तर.

मालकीणबाई म्हणाल्या, "हे तेव्हाच म्हणायला हवं होतंस." आणि कप धुवायला गेल्या. बस, एवढंच. मला वाटलं होतं बोलून टाकलं की हलकं वाटेल. नाही वाटत.

त्याच्यापर्यंत हे पोचलं असणार, पण तो दोन-तीन दिवस आला नाही. मग परवा सकाळी आला. बाकावरचे हातमोजे उचलले, धूळ झटकली, घातले. म्हणाला, "स्विच काढून टाक. पंप इग्निशनला जोड, किल्ली फिरवली की चालू होईल आणि इंजिन थांबल्यावर जरा वेळ चालेल असा. दिवा पुढे आण." आम्ही तेच करतोय. जुना टर्बो उघडून नवा दांडा बसवलाय. कामापुरतंच बोलतो तो. मी चहा आणून ठेवला की पितो, पण माझ्याकडे बघत नाही. मी पण फार बघत नाही.

घरी येत नाहीये. बाबांना सांग, ती पैज अजून व्हायची आहे.

ठमी

९ एप्रिल

ठमे,

परत पोचले. या वेळी शेजारणींना आधी नाही सांगितलं, आधी तुला लिहितेय.

पैज चांगली झाली. तुझा बाबा पहिला पोचला खरा, पण थोडक्यात, आणि वर पोचल्यावर त्याच्या बॉनेटमधून करपल्याचा वास येत होता. मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावून मागच्या टर्बोची कामं तुझ्याकडे दिली. तुझ्या बाबाने परत येताना सबंध रस्ताभर मला तुझी स्तुती ऐकवली. मी म्हटलं, "हे तिला सांग." म्हणाला, "तू लिही." म्हणून लिहिलं. पण त्याच्याकडून काढून घेतलं पाहिजे तू, मी किती दिवस पोस्टमन होऊ?

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. तू मालकीणबाईंशी बोलायला आत गेलीस, मी गाडीत मागेच बसले होते. लंबू मागचं चाक बघायला आला. मी ठरवूनच आले होते. खिडकीची काच खाली केली आणि म्हटलं, "बाबा रे, ते बटण मी बंद केलं होतं."

तो उभा राहिला. म्हणाला, "माहीत आहे, आजी."

मी म्हटलं, "ठमीने सांगितलं?"

"नाही," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं. उतरताना म्हणालात ना, आता शांत झोपेल बिचारी. तेव्हा मी हसलो, मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी धूर निघाला तेव्हा कळलं."

ठमे, म्हणजे तू त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालीस, तेव्हा त्याच्या तोंडात माझं नाव तयार होतं! एवढं एक नाव घेतलं असतं तर तो सुटला असता. मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

त्याने चाकाला लाथ मारून बघितली, उगाच. मग म्हणाला, "तुमचा मुलगा शेजारी उभा होता."

बस, एवढंच. आणि वर म्हणतो, "हे ठमीला सांगू नका, ती अजून खाली मान घालून काम करते." आता तू सांग, मी काय करू? त्याने सांगू नको म्हटलं. पण आपल्या घरात सगळ्यांनी लपवून बघितलंय, त्यात काय झालं ते. म्हणून सांगतेय. तुला आणखी लाज वाटेल, वाटू दे. मला तर इतकी वाटली की मी त्याच्याकडे बघू शकले नाही. त्याने बनवलेल्या मुठीकडेच बघत राहिले. मी म्हटलं, "मी तुला इथून शिव्या दिल्या रे, गल्लीभर." तो म्हणाला, "मूठ घट्ट आहे ना अजून? हलत असेल तर सांगा." आणि गेला.

तेवढ्यात तू आलीस, मला वळणापर्यंत नेऊन आणलंस, इंजिन बंद केलंस आणि माझी पिशवी आणायला गेलीस. मी एकटीच. गाडी गप्प, आणि माझ्या सीटखाली ते गूंऽऽ गूंऽऽ चालूच.

तुला वाटेल बटण तर काढलंय, आता आजी काय करणार. पण हाताला माहीत असतं का ते? माझा हात आपला आपण सीटबेल्टच्या खाली गेला. तिथे भोक होतं नुसतं, टेप लावलेलं. मी हात ओढून घेतला, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी बसून राहिले. तिकडे लंबू लांबून बघत होता. मला वाटलं, बघू दे.

गुणगुण चालू होती, चालू होती. मी हलले नाही. आणि मग ती थांबली गं. आपली आपण.

तुझी आजी